घूमचे ताक

९ मे १९६६, सोमवार. मलकापूर स्टेशन.

गाडी उशिरा. फलाटावरच्या फळ्यावर 'विलंभ' असे लिहिलेले! खडू मागून घेतला आणि दुरुस्त केले. स्टेशनमास्तर पाहत राहिले. आभार मात्र मानले नाहीत.

सोजराआत्या ऐन वेळी उंद्रीहून येऊन थडकली. मी एकटीच जाणार होते. "तू एकटी हिमालयात जाशीन तं लोक म्हणतीन, बाई संन्यास घ्याले गेली," म्हणे. बाबांच्या या धाकट्या बहिणीपुढे बाबांचेही काही चालत नसे, माझे काय चालणार! सोबत ज्वारीचे पीठ, लसणाची चटणी, आणि एक डबा जो उघडू नये असे मला वास सांगतो आहे.

काम साधे आहे. कोकिळेला परत आणायचे. नागपूरला परिचारिकेचे शिक्षण पुरे होताच माझी धाकटी बहीण कराराने पार दार्जिलिंगजवळच्या घूम गावच्या इस्पितळात निघून गेली. करार या महिन्यात संपतो. चिखलीच्या नव्या प्रसूतिगृहात तिची जागा मी पक्की केली आहे. स्थळही पाहिले आहे. अकोल्याचे प्रा. शालिग्राम. त्यांचा प्रबंध मागवून वाचला. शुद्धलेखनाच्या चुका दोनच. एवढा निर्दोष मनुष्य वऱ्हाडात पुन्हा सापडणे नाही.

१० मे. गाडीत.

आत्याने अख्ख्या डब्याला चटणी वाटली. बंगाली गृहस्थ रडले.

१२ मे. गंगेवर, स्टीमरमध्ये.

येथे नदीवर पूल नाही. गाडीतून उतरायचे, स्टीमरने पलीकडे जायचे, पुन्हा गाडीत बसायचे. गंगा पाहून आत्याने हात जोडले आणि म्हणाली, "एवढं पानी! अन् आपल्या पैनगंगेत उन्हाळ्यात म्हशीबी बुडत नाईत. देवाले काई हिशेब हाये का नाई?" मी गंगालहरीतला एक श्लोक म्हटला. आत्या म्हणाली, "म्हण, म्हण. पन टरंकीवर लक्ष असू दे."

१३ मे. घूम.

पोचलो! सिलिगुडीहून वर येणारी गाडी खेळण्यातल्यासारखी आहे: वळते, मागे सरते, दम खाते, पुन्हा वळते. "बैलगाडीनं आलो असतो तं आतापावतर जेवूनबी झालं असतं," आत्या. मला मात्र आवडली. शिस्तीने चढते, कुठे घाई नाही.

घूमच्या फलाटावर धुके इतके की कोकिळा आधी ऐकू आली, मग दिसली. गाल लाल झाले आहेत. दिसायला चांगली झाली आहे. केस मात्र नीट बांधलेले नव्हते, तेथेच सांगितले.

आता एक भाषिक नवल नोंदवून ठेवले पाहिजे. हमाल नेपाळी बोलणारा. मी त्याच्याशी शुद्ध हिंदीत बोलले. त्याला ढिम्म कळले नाही. आत्या कुडकुडत म्हणाली, "मले लय थंडी वाजून राह्यली, बापू." तो लगेच हसला. "मलाई पनि!" म्हणजे 'मलाही'. यांचा चतुर्थीचा प्रत्यय 'लाई', आमच्या वऱ्हाडीचा 'ले'! 'मले', 'मलाई' — बहिणीच जणू! होकारालाही ते 'हो'च म्हणतात. मी मुख्याध्यापिका, शाळेत ज्या 'मले'साठी मुलींना उभे करते, तो येथे राजरोस हिंडतो आहे. आत्याला हे समजावून सांगू लागले तर ती हमालालाच सांगत होती, "पानी? पानी नको रे बाबा, या थंडीत!"

१४ मे.

धुके. पाऊस. धुके. कोकिळेची दोन खोल्यांची जागा स्वच्छ आहे. पडद्याची शिवण वाकडी. परत जाण्याचा विषय अजून काढलेला नाही. आल्या आल्या बोलणे बरे नव्हे.

१५ मे, रविवार.

आज मठ पाहिला. नव्वदएक वर्षांचा जुना. टेकडीच्या धारेवर, धुक्यात अर्धा बुडालेला. दारात प्रार्थनाचक्रे. आत लोण्याच्या दिव्यांचा धूर, काळसर भिंती, आणि समोर मैत्रेय — येणाऱ्या युगातला बुद्ध. प्रचंड मूर्ती! पद्मासन नाही; पाय खाली सोडून, आसनावर सरळ बसलेला. उठून यायच्या तयारीत असल्यासारखा. आत्या पाहत राहिली. मग कानाशी, "खुर्चीवर बसल्यावानी बसला वं. हा बी हेडमास्तर हाये का?"

मी पाली घेऊन एम.ए. झाले, तरी मूर्तीपुढे पुस्तकातले काही आठवेना. नुसती उभी राहिले. आपल्याकडे बुद्ध आता कुठे परत आला आहे. येथून तो कधी गेलाच नव्हता.

एक वृद्ध लामा मंत्र म्हणत होते. 'मणि पेमे हुं'! मला राहवेना. बाहेर आल्यावर नम्रपणे सांगितले, मूळ शब्द 'पद्मे' आहे, दकार-मकाराचा संयोग. ते मनापासून हसले. "बेटी, इतने साल में ऊपर से शिकायत नहीं आई." मी म्हटले, माझ्या शाळेतल्या मुलींच्या वह्यांतही शिकायत वरून येत नाही, माझ्याकडूनच येते. मग ते आणखी हसले आणि खिशातून खडीसाखर काढून दिली.

आम्हाला मठ दाखवायला इस्पितळातला एक तरुण आला होता. फुर्बा शेर्पा, क्ष-किरण विभागात आहे, कलकत्त्याचा बी.एस्‌सी. हिंदी व्याकरणशुद्ध. चालताना पुढे जात नाही, मागेही राहत नाही. एक गोष्ट विलक्षण: 'कोकिळा' म्हणताना 'ळ' अचूक उच्चारतो! विंध्याच्या उत्तरेला कोणाला 'ळ' धड म्हणता येत नाही, 'कोकिला' करून मोकळे होतात. सराव केल्याशिवाय असा 'ळ' साधत नाही. कौतुक केले. तो कानांपर्यंत लाल झाला. विनयी आहे.

१६ मे.

आज बोलले. जागेचे सांगितले, स्थळाचे सांगितले, प्रबंधाचेही सांगितले. कोकिळा खाली मान घालून ऐकत होती.

"ताई, चार दिवस थांब," म्हणाली. "मग तू म्हणशील तसं करीन. शब्द देते."

"नक्की?"

"तुझ्याजवळ कधी खोटा शब्द दिलाय मी?"

नाही दिलेला. आई गेली तेव्हा ही पाटीवर 'क' गिरवत होती, तेव्हापासून नाही. निश्चिंत झाले. चार दिवस काय, राहू मजेत!

१७ मे, मंगळवार.

फार सुंदर दिवस! धुके हटले, कांचनगंगा दिसली! आकाशात इतक्या वर काही असू शकते अशी माझी कल्पना नव्हती. मी ढगांत शोधत होते आणि ती ढगांच्या वर होती. कोकिळा इस्पितळात होती, नाहीतर तिला बोलावून दाखवली असती. ती रोज पाहतच असेल म्हणा.

दुपारी फुर्बाची आई भेटायला आली, बरोबर दोन वडीलधारे. किती अगत्याची माणसे! चांगले कपडे घालून, लाकडी भांड्यात ताक घेऊन. भांड्याच्या काठाला लोण्याचे तीन ठिपके लावलेले. शोभेसाठी असावेत, नेटके होते. माझ्या गळ्यात पांढरे रेशमी उपरणे घातले. पाहुणचाराची ही रीत आपल्याकडेही यायला हवी.

ताक पांढरे, पातळ, चांगलेच आंबलेले. आत्या म्हणाली, "जिरं पाह्यजे होतं." पण पेली. मीही प्याले. यांच्यात पेला थोडा रिकामा झाला की पुन्हा भरतात, मग पुन्हा! नाही म्हणणे असभ्य दिसले असते. चव आधी विचित्र, मग बरी, मग उत्तमच.

आत्या आणि त्या माउलीची अशी गट्टी जमली की दुभाष्या नकोच! तिने माझे नाव विचारले. 'अन्नपूर्णा' म्हटल्याबरोबर तिने पश्चिमेकडे हात केला. "अन्नपूर्णा हिमाल?" आणि नमस्कार! आत्या म्हणाली, "हाव, पहाडच हाये थे. जागची हालत नाई." माउली म्हणाली, उद्याही 'घाम' पडेल. येथे 'घाम' म्हणजे ऊन! आत्याला ते कळेना. ती पदराने कपाळ पुसून दाखवत राहिली. किती हसलो! मी इतकी हसल्याचे स्मरणात नाही.

निघताना माउली गंभीर झाली. उभी राहिली, हात जोडले. "बहिनीलाई हाम्रो घर पठाउनुहोस्, है?" बहिणीला आमच्या घरी पाठवा! शब्द न् शब्द कळला. आत्याने लगेच सांगून टाकले, "पठवतो की! काऊन नाई पठवणार? तुमचंच घर हाये!" तरी ती माझ्याकडे पाहत थांबली. वडील बहीण मी, मान मला. जेवायला बोलावणे एवढ्या आदराने करतात! मी म्हटले, "अवश्य." तत्सम शब्द; तिला तत्काळ समजला. तिच्या डोळ्यांत पाणी आले. भाबडी माणसे.

नंतर मी आत्याला पाणिनीची दोन सूत्रे समजावली. ती झोपली. अक्षर आज किंचित उजवीकडे कलते आहे. टेबलाचा दोष.

१८ मे.

डोके ठणकते आहे. लिहिलेच पाहिजे, म्हणून लिहिते.

कोकिळा सकाळी कामावरून आली. टेबलावरचे भांडे पाहिले, खुंटीवरचे रेशमी उपरणे पाहिले आणि मटकन खाली बसली.

"ताई, हे कोणी आणलं?"

"फुर्बाच्या आईने. ताक होते."

"तू प्यायलीस?"

"तीनदा. आत्याने मोजले नाही."

"ताई... ते ताक नाही. छांग आहे. आंबवलेल्या धान्याची..." पुढचा शब्द ती उच्चारेना. मीच उच्चारला. दारू! चिखली तालुका दारूबंदी प्रचार समितीची मी उपाध्यक्षा! गेल्या वर्षी याच विषयावर बुलढाण्याला भाषण केले, टाळ्या मिळाल्या!

आत्या पांघरुणातून म्हणाली, "म्हूनच म्हटलं, जिरं नव्हतं तरी चव कशी लागली!"

पण तेवढ्यावर संपले नाही. लोण्याचे ठिपके लावलेले भांडे घेऊन मुलाची माणसे मुलीच्या दारी येतात, ती यांच्यातली मागणी. मुलीकडचे प्याले नाहीत तर नकार. प्याले तर होकार.

"आणि त्यांनी काही विचारलं असेल ना?"

"बहिणीला आमच्या घरी पाठवा म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालीस?"

'अवश्य' म्हणाले, हे मला सांगवेना. आत्याने सांगितले.

कोकिळेने दोन्ही हातांत तोंड लपवले. रडत होती की हसत होती ते कळले नाही, बहुधा दोन्ही. फुर्बाशी लग्न करायचे तिने ठरवले आहे, पण 'ताईला विचारल्याशिवाय नाही' असे त्याला आधीच बजावले होते. चार दिवस मागितले ते मला हे सांगायचे धैर्य गोळा करायला. पण लामांनी त्याच्या आईला मंगळवार शुभ सांगितला आणि ती थांबली नाही.

अजाणता दिलेली संमती ही संमती नव्हे. कोणत्याही शास्त्रात नव्हे. तसे मी सांगितले. उद्या भांडे आणि उपरणे परत करणार.

"कर," कोकिळा म्हणाली. "मी तुझ्याबरोबर येईन. शब्द दिलाय."

आत्या: "ताक म्हून पेली का दारू म्हून पेली, पेली तं पेली ना वं!"

या तर्काला उत्तर आहे. आज डोके दुखते आहे म्हणून दिले नाही.

१९ मे.

जाऊन आले.

त्यांचे घर मठाच्या वाटेवर. लाकडी, नीट झाडलेले, भांडी उंचीप्रमाणे लावलेली. माउलीला हिंदी बेताचीच येते. म्हणजे दुभाष्या हवा, आणि घरात दुभाष्या एकच: फुर्बा! क्षणभर वाटले, परत फिरावे. पण वाक्ये तयार होती. मी हिंदीत बोलत गेले, तो आईला नेपाळीत सांगत गेला. आपला मुलगा सुशिक्षित आहे, सज्जन आहे. मात्र आमची रीत वेगळी, आप्त वेगळे. परवा जे झाले ते अज्ञानाने झाले. मी क्षमा मागते आणि हे परत करते.

मी कान टवकारून ऐकत होते. एवढ्या दिवसांत तेवढी नेपाळी कळू लागली आहे. कुठे तरी हा शब्द मऊ करील, एखादा गाळील, दोन स्वतःचे घालील. मग मी त्याला तेथेच पकडणार होते. परीक्षकाची सवय. त्याने काही गाळले नाही. 'मात्र'सुद्धा माझ्या 'मात्र'इतकाच जड ठेवला. स्वतःला दिलेला नकार त्याने आईपुढे तंतोतंत मांडला. आवाज एकदाच अडखळला, तेव्हा थांबला, आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा नीट म्हटले.

"मला बहीण एकच आहे," असे मी शेवटी म्हटले. 

माउली बोलली. त्याने भाषांतर केले. "आई म्हणते, मलाही मुलगा एकच आहे."

तिने उपरणे घेतले, घडी घातली. मग चहा आणला. लोण्याचा, खारट. मी पेल्याकडे पाहत राहिले. ती काही म्हणाली आणि फुर्बाच्या ओठांवर हसू आले. "आई म्हणते, चहा पिण्याचा काही अर्थ होत नाही. निर्धास्त प्या."

प्याले.

दारापर्यंत तो पोचवायला आला. मी विचारले, थोडे बदलून का नाही सांगितलेत? कोणाला कळले असते? तो बुचकळ्यात पडल्यासारखा दिसला. "बात आपकी थी, दीदी. मैं उसमें अपनी कैसे मिला देता?"

वाटभर शोधत आले. गुण कापायला जागा सापडली नाही.

२० मे.

आत्या माझ्याशी बोलत नाही. भिंतीशी बोलते. "काई लोकाईले पेपर तपासाची इतकी सवय हाये बाप्पा, का घरातले माणसंबी लाल शाईनं तपासते." भिंतीने उत्तर दिले नाही.

कोकिळा सामान बांधते आहे. इस्पितळात सांगून आली. साड्यांच्या घड्या काठाला काठ लावून, मी शिकवल्या तशा. चेहऱ्यावर काही नाही. मी दोनदा त्या खोलीत गेले, दोनदा काही कारण नसताना परत आले.

तिसऱ्यांदा विचारले, "रागावलीस?"

"नाही ताई. तू म्हणशील तसं करीन म्हटलं होतं ना."

"आणि तुझ्या मनात काय आहे?"

तिने पेटीतल्या कपड्यांवरून हात फिरवला. "विचारलंस म्हणून सांगते. मला इथं राहायचंय. पण तुझ्या मनाविरुद्ध नाही राहायचं. दोन्ही एकदम हवंय मला, तिथंच चुकतंय."

"एकदम नव्हे," मी म्हटले, "'एकाच वेळी'."

तोंडातून निघूनच गेले! कोकिळा माझ्याकडे पाहून हसू लागली. थांबेचना, हसता हसता डोळे पुसू लागली. मी हसले नाही. उद्या सकाळची गाडी. आत्याचा तो डबा अखेर उघडला. त्यात माझ्या आवडीच्या तळलेल्या सांडया होत्या. माझ्या पानात तिने वाढल्या नाहीत.

२१ मे.

उजाडताच स्टेशनवर गेले. सिलिगुडीची तिकिटे काढली. दोन. कोकिळेला अजून सांगितलेले नाही. ती आत पेटीला दोरी बांधते आहे, गाठ घट्ट मारते आहे. ही ओळ पुरी झाली की उठते आणि ती दोरी सोडते.